निदान, अक्का!

निलगिरी, कापूर, लसूण घालून कढवलेले तिळाचे तेल, आणि या सगळ्यांवर फिनेलचा पातळ पदर. सांध्यांच्या विभागाबाहेरच्या बाकाचा हा वास मी डोळे मिटूनही ओळखीन. रुग्णालयातल्या इतर बाकांना रुग्णालयाचाच वास येतो; आमच्या बाकाला घराघरांचा येतो. बार्शीहून येणारे आजोबा ओव्याची पुरचुंडी गुडघ्याला बांधूनच बसतात, कुणाच्या पदराला वेखंड असते, कुणाच्या मनगटाला एरंडाच्या पानांचा हिरवट ओलावा. दर तपासणीला मी या बाकावर टेकते आणि आज शेजारी कोण आहे, हे आधी नाकाने वाचते.

माझा संधिवात आता घरातल्यासारखा झाला आहे. बोटे त्याने आधी मागून घेतली, मग मनगटे. अलीकडे गुडघ्यांची मागणी चालू आहे, आणि तिथे मात्र माझी त्याच्याशी घासाघीस होते.

त्या सकाळी आमची रिक्षा सात रस्ता चौकाच्या गर्दीत अडकलेली असतानाच मुलाचा पुण्याहून फोन आला.

“आई, आज त्यांना स्पष्ट विचार. जिना झेपणार आहे की नाही. नाही म्हणाले, तर तळमजल्यावरचं घर बघायचं. आणि रडायचं नाही.”

“रडतंय कोण?” मी म्हणाले आणि शेजारी बसलेल्या यजमानांकडे पाहिले. ते घाईघाईने बाहेरच्या फळगाड्या पाहू लागले.

आमचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. गॅलरीसमोर एक कडुलिंब आहे. खालून जाणाऱ्याला तो म्हणजे नुसते खोड आणि सावली. वरून मात्र तो सबंध दिसतो. चैत्रात त्याच्या फुलांचा कडसर गोड वास उशीपर्यंत येतो, आणि पुढे निंबोळ्या पिकल्या की पोपट त्या सोलतात तो बारीक आवाजसुद्धा ऐकू येतो. हे घर सुटू नये, एवढेच मला हवे होते. आणि ते आता डॉक्टरांच्या एका वाक्यावर अवलंबून होते.

डॉक्टरांची तपासणी टेबलावर सुरू होत नाही, दारात सुरू होते, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आले आहे. रुग्ण दारापासून खुर्चीपर्यंत कसा येतो, ते चष्म्याच्या वरून निरखतात. पुढचे सारे त्यानंतरचे. म्हणून मी आठवडाभर गॅलरीत सराव केला होता. मान ताठ, पावले झटझट, चेहऱ्यावर किंचित बेफिकिरी. काठी यजमानांच्या हाती द्यायची, असेही ठरले होते.

“म्हणजे ही घेऊन मी तुझ्या मागून येऊ? चोपदारासारखा?”

“चोपदार पुढे चालतो. तुम्ही मागूनच या.”

माझा नंबर पुकारला गेला. मी उठले आणि ठरल्याप्रमाणे झपाट्याने निघाले. बाकाच्या टोकाला अक्कलकोटकडच्या एक बाई पाय लांब सोडून बसल्या होत्या. कपाळावर भस्माचे पट्टे, मांडीवर भाकरीचे गाठोडे. त्यांच्या पायांना मी जवळजवळ अडखळलेच. त्यांनी माझे मनगट धरले.

“निदान, अक्का, निदान!”

रुग्णालयात हा शब्द कानी पडल्यावर माणूस दुसरे काय उत्तर देणार?

“संधिवात,” मी म्हणाले.

“काय?”

“संधिवात. बरीच वर्षं झाली.”

“त्यो तर मला बी हाय की! तुमाला इचारलं कुनी? निदान म्हन्ते मी, निदान!”

त्यांना अधिक तपशील हवा असावा, असे मला वाटले. “रक्ताच्या तपासणीत कळलं,” मी म्हणाले. एव्हाना सगळा बाक कान देऊन ऐकत होता.

यजमानांची नोकरीतली काही वर्षे अक्कलकोटला गेली आहेत. मागून त्यांचे दाबलेले हसू फुटले. “अगं, त्या कानडीतलं निधान म्हणतायत. म्हणजे सावकाश. बोलण्यात ध चा द होतो.”

“व्हय की!” बाई म्हणाल्या. “हळू चला म्हन्ते, तर ह्या रोग सांगायल्यात! आमची म्हस बी निदान म्हटलं की थांबतिया, अक्का.”

बाक हसला. ओव्याची पुरचुंडी हसली, वेखंड हसले. मीही हसले, आणि हसताना मान ताठ ठेवता येत नाही. आठवडाभराचा सराव तिथेच विस्कटला. मी यजमानांकडून काठी मागून घेतली. मराठीत निधान म्हणजे पुरून ठेवलेले धन. रोगाची ओळख, सावकाशी आणि धन, असे तिघे एकाच उच्चारात कसे नांदत असतील, याचा विचार करत मी दार ओलांडले, आणि त्या विचाराला जेवढा वेळ लागतो तेवढाच खुर्चीपर्यंत पोचायला घेतला.

डॉक्टरांनी चष्म्याच्या वरून पाहिले. मी काठी खुर्चीला टेकवून ठेवली.

“आज चाल दिसली,” ते म्हणाले. “गेल्या खेपेला तुम्ही अशा आलात, की मला गुडघा बघायलाच मिळाला नाही. घाईत कळ लपते.”

त्यांनी गुडघे वाकवून पाहिले, बोटांची मूठ करायला लावली, रक्ताचा अहवाल वाचला. मग मीच विचारले, “जिना?”

“कसा चढता?”

“एका दमात,” मी अभिमानाने म्हणाले.

“का? मागे कोण लागलंय?”

“हेच विचारतो मी,” यजमान म्हणाले.

“चढताना बरा पाय आधी टाका, उतरताना दुखरा. कठडा सोडू नका. मधे एक खुर्ची ठेवा, बसा, मग पुढे चला. घर बदलायची आज तरी गरज नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बघू.”

तीन महिने! बाहेर येताना मला ते एखाद्या मोठ्या सुट्टीसारखे वाटले.

त्याच दुपारी यजमानांनी पहिल्या मजल्याच्या वळणावर एक घडीची खुर्ची ठेवली. संध्याकाळी खालून भाजी घेऊन येताना मी तिच्यावर पहिल्यांदा बसले. समोरच एक बंद दार होते. विणकरांचे तेलुगू कुटुंब तिथे राहते. त्या घरातल्या बाईंशी माझी ओळख एवढीच, की जिन्यात गाठ पडली तर दोघी मान हलवतो. त्या दारावरून मी नेहमी धाप दाबून जात असे; कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आज मात्र ती दाबली नाही. आतून मोहरी तडतडल्याचा आवाज आला, मागोमाग कढीपत्त्याचा वास.

दार उघडले. बाईंनी आधी खुर्चीकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी मनात उत्तरे जुळवू लागले: गुडघा, डॉक्टर, अडचण होत असेल तर खुर्ची हलवू. त्यांनी त्यातले काहीच विचारले नाही. ओले हात पदराला पुसत, दार पायाने आणखी थोडे ढकलत त्या म्हणाल्या,

“चहा?”