नाना मुकादम आणि पाण्याची वाट

कुठल्याही नव्या जागेवर पाय ठेवला की नाना मुकादम आधी उकिडवे बसत आणि तांब्याभर पाणी जमिनीवर ओतत. ते कुठे वळतं, कुठे थबकतं हे पाहिल्याशिवाय कुणाला कुदळ उचलू देत नसत. नाना वाटूरचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. आभाळ भरून आलं की कळप उंचावर न्यायचा, हे लहानपणीच अंगवळणी पडलेलं. जमिनीचा उतार त्यांच्या पायांनाच कळे.

जालन्यात बायपासलगत दुकानांची मोठी इमारत उभी राहत होती. मी तिथली नवी इंजिनिअर. इमारतीमागे खोलगट भागात पत्र्याच्या घरांची गल्ली होती. मोठ्या पावसात तिथे गुडघाभर पाणी शिरे. आता मोकळ्या जमिनीवर काँक्रीट पडणार, म्हणजे गल्लीचे हाल आणखी वाढणार. म्हणून पार्किंगखाली भलीमोठी टाकी आखली होती. छताचं, आवाराचं पाणी तिच्यात थांबवायचं आणि बारीक पाइपातून सावकाश नाल्यात सोडायचं.

नकाशा माझा होता. मजूर जेवायला गेल्यावर नाना हळूच म्हणाले, "ताई, तुमी पाणी पूर्वेकडून घेऊन राह्यल्या. पण ते तर पश्चिमेच्या कोपऱ्यातून येतंय." मला राग आला. तिरीमिरीत पुन्हा मापं घेतली. नाना बिलकुल बराबर होते. मी नकाशा बदलला. चूक कुणाची, हे त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही.

टाकीचा खड्डा खणून झाला आणि इमारतीचे मालक आले. सगळे त्यांना शेठ म्हणत. "एवढी जागा पाण्याला? इथं गोदाम करा," शेठ म्हणाले.

मी मान खाली घातली. नाना मात्र पुढे झाले. "शेठ, आपल्या दारातून पाणी काढून दिलं म्हंजी ते गेलं न्हाई. ते दुसऱ्याच्या चुलीत गेलं. गोदामच करायचं तर मंग दुसरा मुकादम बघा."

त्यांच्यामागे सगळ्या मजुरांनी घमेली खाली ठेवली. मलाही कंठ फुटला. "टाकी नसेल तर माझी सही मिळणार नाही, शेठ." शेठ दोन दिवस धुमसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बांधा!"

इमारत पुरी झाली आणि ऑगस्टात एका दुपारी आभाळ फाटलं. झाकण उघडून आम्ही टाकीत वाकून पाहत होतो. पाणी आत उतरायची एकेक पायरी गिळत वर चढलं, सगळ्यात वरच्या पायरीखाली आलं आणि तिथेच थांबलं. मागच्या गल्लीत बायका पाणी उपसायला बादल्या घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. उपसायला काहीच नव्हतं. एक म्हातारी ओरडली, "नाना, चूल कोरडी हाय! औंदा पाणी आलंच न्हाई!" शेठ छत्री टाकून धावत आले आणि भर पावसात त्यांनी नानांना मिठी मारली.

नानांचं ते शेवटचं काम. "गुडघे थकले, आता शेती बघतो," म्हणाले. ते गावाला निघाले त्या सकाळी गल्लीनं ताशा आणला, हार घातले आणि त्यांना वाजतगाजत स्टँडवर नेलं. नाना लाजून लाल झाले होते. "सोडा आता जल्दी, माझी गाडी जाईल!"

वाटूरची गाडी खरंच निघून गेली. कुणालाही वाईट वाटलं नाही. ताशा पुढची गाडी येईपर्यंत वाजत राहिला.