फुग्याखालचा डबा

आमच्या ऑफिसात किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. दर वेळी काहीतरी घडतं, फाइलमधल्या 'शेरा' या रकान्यात ते दोन ओळींत लिहावं लागतं, आणि असे रकाने आता बरेच भरलेत.

काम साधं आहे. बोईसरच्या बाहेर एका मोकळ्या जागेतून मोठा फुगा सोडायचा. त्याला थर्माकोलचा डबा लटकवायचा. डब्यात हवेतला ओझोन मोजणारं यंत्र. फुगा सोडायला पाच मिनिटं लागतात, आकडा बरोबर येईल याची खात्री करायला आठवडा. माणसं तीन: सामंत मॅडम, मी, आणि माहीमचे तांडेलकाका. काका होडी विकून आमच्याकडे लॅब असिस्टंट झाले.

*

यंत्रात हवा ओढणारा छोटा पंप असतो. तो किती हवा ओढतो ते चुकलं, की पुढचं सगळंच चुकलं. म्हणून काचेच्या नळीत साबणाचा बुडबुडा चढवायचा आणि स्टॉपवॉच लावायचं. पाच वेळा.

माझे पाच आकडे पाच तऱ्हेचे. काकांचे पाचही जवळपास सारखे. मॅडमना वाटलं, काका पहिलाच आकडा खाली उतरवून काढतात. त्यांनी कुणालाही न सांगता पंप बदलून ठेवला. काकांनी मोजलं. पाचही पुन्हा सारखे, पण आधीपेक्षा वेगळे.

"म्याडम, पंप बदललाय," काका म्हणाले. "आदीचा बरा व्हता."

*

वरून एक साहेब पाहणीला आले. अंगाला भरपूर सेंट. यंत्राला असले वास चालत नाहीत. मॅडमनी त्यांना अदबीने बाहेर खुर्ची दिली, चहा दिला, आणि सगळी पाहणी खिडकीतून करायला लावली.

साहेबांनी अहवालात लिहिलं, "केंद्रात शिस्त आहे. थोडी जास्त आहे."

*

एका सकाळी फुगा भरून तयार, आणि यंत्र दाखवतंय, ओझोन जवळजवळ नाहीच. मी घाईने दुसरं यंत्र जोडलं. तेही तेच सांगू लागलं.

"दोन्ही यंत्रं चांगली आहेत," मॅडम म्हणाल्या. "वारा कारखान्यांकडून येतोय. हवेत गंधकाचा वायू असला की यंत्र फसतं."

आम्ही दोरी धरून थांबलो. दीड तास झाला. काका फाटकापाशी जाऊन उभे राहिले. नाक वर करून एकदा श्वास घेतला.

"आता सोडा. दर्याचा वारा लागलाय."

मॅडमनी आधी आकडा बघितला. तो नेहमीसारखा झाला होता. मग फुगा सोडला आणि फाइलीत लिहिलं, 'वारा फिरल्यावर सोडला.'

पंधरा दिवसांनी मुख्य ऑफिसची विचारणा आली: वारा फिरल्याचं कोणत्या उपकरणाने ठरवलं?

मॅडमनी उत्तर पाठवलं, "तांडेल."

*

हा माझा किस्सा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. यंत्रातल्या छोट्या वाट्यांत एक द्रावण घालतात, ओझोन त्यातच मोजला जातो. ते मी बनवायचो. एका हंगामात वरच्या उंचीवरचे आकडे सतत जास्त यायला लागले. जमिनीवरचं एक यंत्र सूर्याकडे रोखून ओझोन मोजतं; मॅडम रोज त्याच्याशी ते ताडून पाहत होत्या. जुळत नव्हते.

शेवटी मला माझ्या वहीत सापडलं. मी मीठ दुप्पट घातलं होतं. सहा उड्डाणं त्याच बाटलीतली. आकड्यांना गुपचूप थोडी कात्री लावली असती तर कुणाला कळलंही नसतं. मी दोन दिवस नीट जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी वही मॅडमच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी पूर्ण वाचली. मग सहाही फाइली मागवल्या आणि प्रत्येकीवर लिहिलं, 'द्रावण चुकीचे.' खाली माझं नाव.

"हे कायम राहणार?" मी विचारलं.

"हो."

मी राजीनामा मनातल्या मनात लिहून घरी गेलो. सकाळी त्यांनी द्रावणाच्या कपाटाची किल्ली माझ्यासमोर ठेवली.

"आता तुझ्याइतकं सांभाळून कोणी बनवणार नाही."

*

फुगा वर फुटतो आणि डबा पॅराशूटने खाली येतो, बहुतेक वेळा समुद्रात. जमिनीवर पडलाच तर मॅडमना तो फार हवा असतो. आत उरलेलं द्रावण वजन करून पाहिलं, की उडताना किती आटलं ते कळतं. आमची सगळी गणितं त्या आटण्याच्या अंदाजावर चालतात.

एकदा दुपारीच मासवणकडून फोन आला, डबा सापडलाय. मॅडम तराजू मांडीवर घेऊन जीपमध्ये बसल्या.

सोनीबाई नावाची बाई, डोंगराकडेला तिची नाचणीची शेती. तिने आम्हाला अंगणातच अडवलं.

"डबा तुमचाच कशावरून?"

मॅडमनी ओळखपत्र दाखवलं. तिने ते बघितलं नाही.

"एकेक जण या. आत काय हाय ते सांगा. बाकीचे आंब्याखाली थांबा, बोलू नका."

आधी काका गेले, मग मी, शेवटी मॅडम. पंप, बॅटरी, दोन छोट्या वाट्या, एक पांढरी नळी. तिघांचं जुळलं.

"आता बराबर," सोनीबाई म्हणाली आणि घरातून डबा घेऊन आली. "लई मळला व्हता. वाट्यांत कायतरी पानी व्हतं, त्ये वतून टाकलं. राखेनं घासून ठेवल्यात."

मॅडमनी झाकण उघडलं. वाट्या चकचकीत होत्या. त्यांनी मला तराजू जीपमध्ये परत ठेवायला सांगितला.

"फार स्वच्छ ठेवलंत," त्या म्हणाल्या, आणि चहाला बसल्या.