वाकडा धागा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही – आणि त्याला तर मी आमटीत मीठ विसरले तरी आधीच सांगून टाकते.

ऐंशीच्या दशकात रबाळ्याच्या एका प्रयोगशाळेत आम्ही दोघं होतो, मी आणि सावंत. बादल्यांचं असतं तसलं प्लास्टिक काचेवर वितळवायचं, त्यात केसाहून बारीक कार्बनचा धागा ठेवायचा आणि ते थिजताना सूक्ष्मदर्शकातून बघायचं. धाग्याला धरून स्फटिक दाट उगवले – बाटली धुवायच्या ब्रशासारखे – की साहेब खूष. नाहीतर इकडेतिकडे नुसती गोल फुलं. सुंदर हो, पण साहेबांना ती नको असायची.

माझ्या काचेवर ब्रश, सावंतच्या काचेवर फुलं. "बाईंच्या हाताला गुण आहे," असं साहेबांनी जाहीर केलं आणि प्रत्येक नवा नमुना माझ्याच हातून ठेवायची पद्धत पडली. मला ते फार आवडायचं – खोटं कशाला बोलू?

आता तो गुण कसला, सांगू? मला वाकडं बघवत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर असो, कुणाचा टाय असो. वितळलेल्या प्लास्टिकमध्ये धागा तिरका दिसला, की मी सुईने हळूच ओढून सरळ करायचे. एकदा तो आपसूकच सरळ पडला, मी हात लावला नाही – आणि फुलं उगवली! तेव्हा कळलं. ओढल्यामुळेच स्फटिक धाग्याला धरत होते.

सावंत नियमाने वागायचा. नमुना ठेवला की हात मागे. त्यानंतर एकदा त्याने मला सरळ विचारलं, "बाई, तुमी काय वेगळं करता का?"

"छे, काहीच नाही," मी म्हटलं. हसत म्हटलं.

पुढे साहेबांनी त्याला मालाच्या तपासणीला बसवलं. ज्या कामापायी तो डबा खायचा विसरायचा, ते गेलं. भांडलाही नाही. आपलाच हात वाईट, असं त्याने धरून टाकलं. मला लाज वाटली – पण बोलले का? नाही.

मग त्याने वाशीला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला दूध उतू घालवायची वेळ आली. बायको शेगडीपाशी उभी, आणि हा मला म्हणतो, "बाई, तुमीच पेटवा. तुमच्या हाताला गुण आहे."

सगळे हसले. मीही हसले. पातेलं शेगडीवर जरा तिरकं बसलं होतं. ते सरळ केलं आणि काडी ओढली.