कुशल कामगार – एक

ही हकिगत मी वर्षानुवर्षं टाळली. टाळली म्हणजे गप्प बसलो असं नाही. तिच्या जागी दुसरीच सांगत आलो. सोसायटीच्या हॉलमध्ये मला शाल-नारळ दिला तेव्हाही मी माइकवर म्हणालो, "नोकरी सुटली आणि ताडपत्री शिवायला स्वतःच शिकलो." टाळ्या पडल्या. मी आयुष्यात ताडपत्रीला एक टाकासुद्धा घातलेला नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती देऊ केली. हिशेब खात्यातला कारकून मी, रक्कम घेतली आणि कळंबोलीच्या नव्या फ्लॅटमध्ये येऊन बसलो. वेळ जाईना म्हणून लोखंडबाजारात फिरायचो. तिथे एक भांडण रोजचं: पत्र्याची कॉइल वाटेत भिजली, गंज चढला, व्यापाऱ्यानं भाडं कापलं आणि ड्रायव्हर ओरडतोय की ताडपत्री नवीकोरी आहे.

ट्रकतळाच्या फाटकाशी माझ्याच वयाचा एक माणूस जमिनीवर बसून ताडपत्र्या शिवत असे. जवळच्या खाडीकाठच्या गावचा. त्याला विचारलं तर हसला.

"ताडपत्री नवीच हाय शेट. शिवन नायलॉनची हाय. सुईनं भोक पडतं, त्या भोकानं पानी उतरतं. सुती दोरा वापरा. तो पानी पितो, फुगतो, आपलं भोक आपन बुजवतो."

हे त्याच्या बापाचं ज्ञान. बाप होड्यांची शिडं शिवायचा. होड्यांना इंजिनं आली, घरची शेती नव्या शहरात गेली, आणि शिडाचा टाका ट्रकवर आला. सुई रेटायला तळहाताला बांधायचं बापाचं चामडं तो अजून वापरत होता. कडेला काथ्याचा दोर घालून तो कोपरा असा बांधायचा की ट्रक पुण्याला जाऊन आला तरी हलत नसे.

धंदा मला तिथेच दिसला. पंधरा दिवस मी वजनकाट्यासमोर बसून ठिगळं लावलेल्या ताडपत्र्या मोजल्या. भाड्याचा गाळा, दोन जड शिलाई मशिनं, कापड थेट गिरणीतून, पावसाळ्याआधीचे तीन महिने दुप्पट काम, असा सगळा आराखडा वहीत मांडला. भागीदारी निम्मी-निम्मी. मी निवृत्तीची रक्कम घातली, त्यानं जमिनीच्या मोबदल्यातलं जे उरलं होतं ते. बाकी बँकेकडून.

"घरी विचारलंत का?" मी म्हटलं.

"इचारलं. बायको म्हनते, आपली जमीन गेली तवा तिच्यावर सरकारची पाटी लागली. आता कुटंतरी आपल्या नावाची पाटी लागूद्या."

त्याला हवं होतं ते एवढंच. ते मला माहीत होतं. पुढे जे लिहितो आहे ते वाचताना हे लक्षात ठेवा.

बँकेत मॅनेजर पहिल्यापासून फक्त माझ्याशी बोलला. माझ्या भागीदाराला एकच प्रश्न: "शिक्षण?"

"चौथी."

"बरं, तुम्ही जरा बाहेर बसा." दार लागल्यावर मला म्हणाला, "अहो, तुम्ही शिकलेले, हिशेबातले. ह्यांचं नाव कशाला अडकवता? गाववाल्यांचं नाव दिसलं की प्रस्ताव वर जाऊन पडून राहतो. एकट्याच्या नावानं करा, पंधरा दिवसांत मंजुरी."

हे कुठल्या नियमात लिहिलं होतं? कुठल्याही नाही. अर्जात शिक्षणाचा रकाना होता, हाताच्या कसबाचा नव्हता, एवढ्यावर एका माणसाला दाराबाहेर बसवलं गेलं. ज्यांच्या शेतांवर हे शहर उभं राहिलं, ती बँक उभी राहिली, माझा फ्लॅट उभा राहिला, त्यांना तिथे बाकड्यावर बसवायचं! हे आज लिहितो आहे. तेव्हा मी म्हणालो, "बरं."

प्रोजेक्ट रिपोर्ट पनवेलच्या टायपिस्टकडे पुन्हा टाइप करून घेतला. त्यानं जुन्या प्रतीतल्या भागीदाराच्या नावावर बोट ठेवून विचारलं, "ह्यांना कुठे टाकू?"

"कामगारांत टाका."

पान सातवर आलं: कुशल कामगार – एक. आणि पान दोनवर, प्रवर्तकाचा अनुभव या मथळ्याखाली, माझ्या नावापुढे: ताडपत्री शिवणकामाचा वीस वर्षांचा अनुभव. ती वीस वर्षं त्याची होती. रकाना रिकामा चालत नव्हता, म्हणून मी ती उचलली.

त्याला सांगितलं, "कागदात थोडा बदल करावा लागला. बँकेची पद्धत."

"तुमी बगताय ना, मंग झालं."

कर्ज मिळालं, मशिनं आली. पाटी रंगवायला टाकली होती. पेंटरला दोघांची नावं दिली होती, तेवढी लाज मला होती. पाटी यायच्या आधी बँकेचा माणूस पाहणीला आला. फाइल उघडून यादी वाचू लागला.

"मालक?"

मी हात वर केला.

"मशिन दोन, आहेत. कुशल कामगार एक. कुठेय?"

तो कोपऱ्यात बसून दोर ओवत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी फाइलकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं: साहेब, हे माझे भागीदार.

"हजर हाय," तो म्हणाला.

बँकेच्या माणसानं खूण केली आणि गेला.

त्यानं हातातला कोपरा पुरा केला. गाठ ओढून पाहिली. तळहातावरचं चामडं सोडून खिशात घातलं.

"शेट, मजुरी कवा मिलंल? आठवड्यानं का म्हयन्यानं?"

"अहो, ते नुसतं कागदावर आहे हो."

"माजी जमीन पन कागदावरच गेली, शेट."

तो परत आला नाही. महिन्याभरात मी त्याची सगळी रक्कम पोचती केली आणि मोकळा झालो असं समजलो. रक्कम परत केली की सगळं फिटतं असं मानणं, हीच हिशेब खात्यातल्या माणसाची चूक. पेंटरला निरोप धाडला, एकच नाव ठेव. शेजारी म्हणाले, "बरं झालं सुटलात, गाववाला एकदा घुसला की निघत नाही." मी मान हलवली. घुसलं कोण होतं? शिवायला पगारी कारागीर ठेवले, दोरा मात्र त्यानं सांगितलेला सुतीच. पुढची कितीतरी वर्षं गिऱ्हाईक विचारायचं, तुमची शिवण गळत कशी नाही? मी ऐटीत सुती दोऱ्याची गंमत सांगायचो.

दुकान विकल्यावर एकदाच त्याच्या गावी गेलो. शर्टाच्या खिशात ते पान सात होतं. ती ओळ खोडून मी हातानं 'भागीदार' लिहिलं होतं. तो ओट्यावर बसला होता. "येवा शेट," म्हणाला, सरकून जागा दिली. त्याच्या बायकोनं चहा आणला आणि विचारलं, "दुकान बरं चाललंय ना तुमचं?" मी हो म्हटलं. विकलंय हेही बोलवेना. त्याच्या गुडघ्यांची चौकशी केली, चहा संपवला, उठलो. त्यानं कोपऱ्यापर्यंत सोबत केली.

तो गेल्याचं मला चार महिन्यांनी कळलं, तेही रिक्षावाल्याकडून.

त्या ओट्यावर मला एवढंच म्हणायचं होतं: दादा, 'हजर हाय' हे तुम्हाला म्हणावं लागलं, ते माझ्यामुळे. मला माफ करा.