हिलाल नानांना मासे रामराम करतात

सरपंचकी गेली तेव्हा एरंडोलकडच्या हिलाल नानांचं तसं काही बिघडलं नाही. शेत होतं, विहीर होती, बायकोचं, यशोदाबाईंचं, तोंडही शाबूत होतं. गेला तो फक्त रामराम. ज्यांचे हात नाना दिसताच जोडले जायचे, ते आता समोरून येताना आभाळात ढग शोधायचे आणि नव्या सरपंचाला, झुलालला, वाट वाकडी करून रामराम घालायचे. नानांना घास गोड लागेना.

मत्स्यपालनाची सरकारी योजना आली ती त्याच साली, सत्त्याऐंशीत. नानांच्या गळ्यात माळ, मासळीचा वासही वर्ज्य. पण झुलालच्या आधी आपलं तळं व्हायला हवं, म्हणून त्यांनी खोदलं आणि रोहू-कटला सोडले. पाण्यात शेण घालतात हे त्यांनी ऐकलं होतं. किती घालायचं हे विचारण्यात कमीपणा वाटला. टोपल्यांवर टोपल्या गेल्या, वर पेंड गेली. पाणी एवढं दाट हिरवं झालं की म्हशीनं तोंड फिरवलं आणि जाळं ओढणाऱ्या गड्यांच्या पायांना खाज सुटली.

अशात एका पहाटे नाना बांधावर गेले, तर झाडून सारे मासे वर! तोंडं उघडतायत, मिटतायत. नानांना गहिवरून आलं.

“दख, दख! ह्या मले रामराम करतस!”

“रामराम कसाना? जीव घाबरा व्हयेल शे त्यास्ना,” यशोदाबाई म्हणाल्या. नानांनी चार दिवस अबोला धरला.

जळगावहून मत्स्य खात्याचे साहेब आले. त्यांनीही तेच सांगितलं. “नाना, पाण्यातला प्राणवायू संपतोय. शेण बंद करा आणि रात्रभर मोटार लावून विहिरीचं पाणी उंचावरून पडू द्या.”

नानांनी नाइलाजानं मोटार लावली. सकाळी बांधावर गेले, तर एकही मासा वर नाही. सगळे खाली सुखात! नानांना हे फार लागलं. माणसं फिरली ती फिरली, आता मासेही झुलालला मिळाले की काय? त्यांनी मोटार बंद केली, दुप्पट शेण ओतलं आणि गावभर आवतण दिलं, “सकायले या. मासा मले वयखतस, तुम्हीच इसरी ग्यात!”

आषाढ होता, दोन दिवस सूर्य दिसला नव्हता. सकाळी अख्खा गाव जमला. मासे वर आले होते, पण पांढरी पोटं वर करून. झुलाल म्हणाला, “नाना, आज तं साष्टांग घाली ऱ्हायनात!” गाव खो खो हसला. हसून झाल्यावर, दुपारपर्यंत पडून राहिलेले मासे फुकट म्हणून पाट्या भरभरून घरी नेले.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सगळा गाव नानांच्या बांधावरून नाल्याकडे धावत होता. झुलाल तर सर्वांच्या पुढे. प्रत्येकाच्या हातात टमरेल, आणि टमरेल हातात असताना कुणी कुणाला रामराम घालत नाही. नाना बांधावर मान खाली घालून बसले होते. आपल्या हौसेपायी पोराबाळांनाही पळायची वेळ आली, ही लाज त्यांना जाळत होती.

तेवढ्यात वाचलेले पाच-सहा मासे वर आले आणि तोंडं उघडू लागले. नानांनी हात जोडले नाहीत. लगबगीनं उठून मोटार लावली. पाणी धबाधबा पडू लागलं, तसं एकेक तोंड हळूहळू दिसेनासं झालं.

“जावा रे भो,” नाना डोळे पुसत म्हणाले, “ऱ्हावू द्या तो रामराम.”