वळणावरचा आवाज

कार्बोरेटर उघडायचा तर खाली सूप ठेवायचं. पेट्रोल सोडणारा पितळेचा जेट तांदळाच्या दाण्याएवढा, त्याची वॉशर त्याहून बारीक. अंगणाच्या मातीत पडली तर गेलीच. मी तिसरीपर्यंत शिकलो, पण गाडी दुरुस्तीला कधी दुसऱ्याच्या हातात दिली नाही. अहेरीचा एक मिस्त्री जेटमध्ये तार घालून साफ करायचा. तारेनं भोक मोठं होते अन् गाडी पेट्रोल पिते, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नसे. नसे तर नसे.

ज्या गाडीचं सांगतो आहे ती माझी नव्हती, मोठ्या भावाची होती. नव्वदनंतरचे दिवस. भाऊ त्या जुन्या टू-स्ट्रोकवर जंगलातल्या गावांत फिरून मोहफुलं विकत घ्यायचा. एका पावसाळ्यात त्याला ताप आला, ताप डोक्यात चढला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. वहिनी लेकरं घेऊन माहेरी गेली, जाताना किल्ली माझ्या हातात ठेवून गेली. गाडी कोठ्यात बैलांशेजारी उभी राहिली. दिवाळीनंतर मी ती बाहेर काढली. मी आरा मशीनवर कामाला होतो, सायकलनं जायचो, आणि अंधार पडायच्या आत सागवानातून बाहेर निघणं दिवसेंदिवस जमेना झालं होतं.

भाऊ घरी यायचा तेव्हा मोहाच्या झाडापाशी जे वळण होतं तिथून गाडी ऐकू यायची. ढर्र, ढर्र, ढर्र, मग श्वास अडकावा तशी एकदम गप्प, आणि मग हळूहळू घरापर्यंत. आई त्या गप्प होण्यावरून त्याला ओळखायची. उठून अंगणाची बांबूची ताटी उघडायची, पाय धुवायला पाणी ठेवायची.

पहिल्या संध्याकाळी मी त्या गाडीवर घरी आलो तर ताटी उघडी आणि आई उभी.

“आला का रे मोठा?”

“आई, मी आहे. लहाना.”

आईला मोतीबिंदू होता, पण माणूस ती चालीवरून ओळखे. ती माझ्यापर्यंत आली आणि मला ओलांडून पुढं गेली. गाडीच्या सीटवर तळहात ठेवला.

“गरम आहे ना. आत्ताच उतरला. कुठी गेला तो?”

“कोणी नाई आई. मी एकटाच आलो.”

“एकटा कसा येशीन? तुले कुठी गाडी येते. त्याच्या मांगं बसून आला असशीन.”

आमचा कुत्रा शेपटी हलवत गाडीभोवती फिरत होता. माझ्याकडं त्यानं पाहिलंही नाही.

सकाळी आई शहाणी असायची. मोठा गेला हे तिला ठाऊक होतं, तिनंच त्याच्या तोंडात पाणी घातलं होतं. पण दिवेलागणीला वळणावर गाडी वाजली की ती उठायची आणि माझ्या मागं कोण उतरते ते पाहत राहायची. जेवायला एक ताट जास्तीचं मांडायची. त्या ताटातला भात थंड होताना पाहून आमच्या घरचीला घास उतरत नसे.

“विकून टाका,” ती म्हणाली. “गाडीत कायतरी आहे.”

“गाडीत कार्बोरेटर आहे,” मी म्हटलं.

माझा हिशेब सरळ होता. आईला मी दिसत नाही, आवाज दिसतो. तर आवाज बदलायचा. मग ताटी उघडायला ती माझ्यासाठी येईल.

रविवारी अंगणात बसलो. भावानं गाडी चरबट ठेवली होती, हवा कमी आणि पेट्रोल जास्त. प्लग चुलीतल्या कोळशासारखा निघाला. जेट रॉकेलात भिजवून तोंडानं फुंकले. सुई एक खाच खाली घेतली. नवा प्लग लावला. मग गाडी गरम करून हवेचा स्क्रू कानानं बसवला, थोडा बाहेर, थोडा आत, आवाज एकसारखा होईस्तोवर. गाडी पिठाच्या गिरणीसारखी एका सुरात चालू लागली.

सोमवारी आलो तर ताटी बंद. आई भाजी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “कोण आहे?” मी म्हटलं, “मी.” ती म्हणाली, “बरं.” एवढंच. पण मी त्या दिवशी दोन वाट्या भात जास्त खाल्ला.

आठवडा गेला नसेल. एका संध्याकाळी ताटी उघडी. आई उभी.

“आला का रे मोठा?”

मी पुन्हा सगळं खोललं. कचरा नव्हता. दुकानातून बाटलीनं आणलेलं पेट्रोल धोतराच्या फडक्यातून गाळून घेतलं. पेट्रोल अडवणारा फ्लोट हलवून पाहिला, हवा कुठून ओढते का म्हणून गॅसकेट बदललं. ताटी चार दिवस बंद राहिली आणि पाचव्या दिवशी उघडी. मग कोणी स्क्रू फिरवते की काय म्हणून घरचीची नखपॉलिश घेतली आणि स्क्रूवरून बॉडीपर्यंत लाल रेघ ओढली.

“गाडीले नखं लावून राह्यले,” ती म्हणाली. “आता पायात जोडवे घाला.”

रेघ जागच्या जागी राहिली, केसभरही हलली नाही. ताटी तरी उघडीच. मी भूत मानत नाही, तेव्हाही मानत नव्हतो. पण त्या संध्याकाळी मी ती लाल रेघ अंगठ्यानं चाचपत बराच वेळ बसून होतो, आणि मागच्या सीटकडं पाहायचं टाळत होतो.

शेजारी वेल्डिंगवाले चाचा राहत. त्यांना म्हटलं, चाचा, जरा तुम्ही मोहापासून गाडी आणा, मी घरी उभा राहून ऐकतो. ते आले. आवाज एकसारखा, साफ. आई जागची हलली नाही. मग मी गाडी घेऊन गेलो आणि चाचा ताटीजवळ उभे राहिले. मी वळण घेतलं तोवर आईनं ताटी उघडली होती.

“गाडी एकदम सही है भाऊ,” चाचा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. “पण तू वळणावर तीनदा रेस काऊन मारतो? अन् मंग हात एकदम सोडून देतो?”

“मी? मी नाई मारत.”

“मारतो ना. मोठा अस्साच मारे.”

मी माझ्या उजव्या मनगटाकडं पाहिलं. भावानं मला गाडी शिकवली ती आईपासून लपवून, त्याच वळणावर, मागं बसून, माझ्या मुठीवर स्वतःची मूठ ठेवून. त्याची चरबट गाडी वळणावर बंद पडायची, म्हणून तो रेस मारायचा. स्क्रू बसवल्यावर मी चार दिवस कान देऊन चालवायचो तेव्हा हात माझा असायचा. लक्ष सुटलं की त्याचा. त्याची मूठ अजून तिथंच होती, आणि ती काढायला माझ्याजवळ पाना नव्हता.

मी तरी हटलो नाही. दुसऱ्या दिवशी मोहाखाली गाडी बंद केली, उतरलो आणि हातानं ढकलत आणली. ना रेस, ना आवाज, फक्त माझी पावलं.

आई ओट्यावर बसली होती.

“बंद करून आणली?” ती म्हणाली. “म्हातारी झोपली असन म्हणून ना? बस.”

“आई, मी…”

“लहाना कधी असा येत नव्हता. ओरडत येई, सारं गाव उठवे.”

ती ‘येत नव्हता’ म्हणाली. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“लहाना कुठी आहे?” मी विचारलं.

“असा काऊन विचारतो रे? ताप आला ना त्याले. तूच खांदा देला.”

अंगणात गाडीचं सायलेन्सर थंड होताना टिक टिक करत होतं. आईनं चाचपडत माझा हात धरला.

“हट्टी होता,” ती म्हणाली. “शाळेत नाई टिकला. पण पाचसात वर्साचा असतानी बापाचं बंद घड्याळ खोलून चालवलं त्यानं. मी पाह्यलं, दाराआडून. तुह्याहून हुशार होता तो, मोठ्या. मी त्याले कधी सांगतलं नाई. चढून गेला असता.”

घरची कंदील घेऊन दारात आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ‘अहो, सांगा ना त्यांना’ असं तिच्या ओठावर आलेलं मला दिसलं. मी मान हलवून तिला थांबवलं आणि आईजवळ सरकून बसलो.

“आखीन सांग ना, आई,” मी म्हटलं. “आखीन कसा होता तो?”