युसूफसर पडले, त्याची गोष्ट

युसूफसरांच्या तोंडून 'माहीत नाही' हे दोन शब्द मी पंधरा वर्षांत एकाच प्रश्नाला ऐकले. एरवी त्यांना सगळं माहीत. कुठल्या मुलीचा गुडघा उद्या दुखणार, कोण घरी भांडून आलंय, पावसाळ्यात हॉलचा कुठला कोपरा गळणार, काहीही विचारा.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात पहिली पाळी, चार वाजता घरी चहा आणि साडेपाचला शाळेच्या हॉलमध्ये ज्युदोचा वर्ग, असा त्यांचा दिवस. कारखान्यात ते युसूफ तांबोळी, कॉलनीत सगळ्यांचे युसूफसर. मी त्यांच्या पहिल्या तुकडीतली. पुढे मी कॉम्प्युटर कंपनीत लागले, कोथरूडला राहायला गेले, पण शनिवारचा वर्ग सोडला नाही. सरांची मुलगी सुहानाही तिथेच शिकायची. घरी ते तिचे अब्बा, मॅटवर सर. एकदा मॅटवर तिच्या तोंडून 'अब्बा' निघालं, तर सरांनी तिला वीस बैठका काढायला लावल्या होत्या.

पहिले सहा महिने सर फक्त पडायला शिकवत. पाठ टेकायला आणि हात मॅटवर आपटायला एकच वेळ साधायची, म्हणजे मार हात खातो आणि पाठ वाचते. दुसरा नियम असा की समोरच्यानं फेकल्याशिवाय पडायचं नाही. दमून, घाबरून किंवा मैत्रिणीला बरं वाटावं म्हणून कोणी पडलं तर वीस बैठका. "आपणहून पडणाऱ्याचा हात आधी आपटतो," सर म्हणायचे. "ज्याला कान आहेत त्याला ऐकू येतं." आणि त्यांना यायचं. आमच्याकडे पाठ करून फळ्यावर हजेरी लिहीत असतानासुद्धा ते लबाडी पकडायचे.

तर अशा माणसाला बापूराव खराडकरांच्या व्हीसीडीसाठी बोलावणं आलं.

बापूरावसाहेब तेव्हा आमदार. नवीन कंपन्यांमधून मुली रात्री उशिरा घरी येऊ लागल्या होत्या आणि निवडणुकीला वर्ष उरलं होतं, तेव्हा साहेबांना मुलींच्या काळजीनं घेरलं. कॉलेजात आपण ज्युदो खेळायचो हे त्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी आठवलं. 'स्वसंरक्षण घरोघरी' असं व्हीसीडीचं नाव ठरलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनीसाहेब ती वाण म्हणून लुटणार होत्या. आमच्या आईकडे वाणातल्या प्लास्टिकच्या चाळण्या सात होत्या, त्यामुळे कल्पना काही वाईट नव्हती.

शूटिंग कोथरूडच्या एका मंगल कार्यालयात होतं. बोहल्याच्या जागी भाड्यानं आणलेल्या पातळ गाद्या अंथरल्या होत्या. सर मार्गदर्शक म्हणून गेले आणि मी त्यांच्याबरोबर. साहेबांसमोर पडायला चार कार्यकर्ते ड्रेस घालून तयार होते. साहेबांनी हात लावला की पडायचं, एवढंच त्यांना सांगितलेलं. ते हात लागायच्या आधीच पडायचे. एक तर साहेब नुसता पट्टा सारखा करत होते तेव्हाच आडवा झाला. शेवटी दिग्दर्शकच वैतागला. म्हणाला, एक तरी खरा थ्रो द्या हो, ही तर नाटकाची तालीम दिसतेय.

सर पुढे झाले. "साहेब, मी उभा राहतो. पण मी आपणहून पडणार नाही. आपल्याला फेकावं लागेल."

साहेबांनी सरांकडे नीट पाहिलं. "बघू," म्हणाले.

साहेबांनी कॉलर धरली, वळले, आणि पुढच्या क्षणी सर गाद्यांवर उताणे, नजर वरच्या झुंबराकडे. 'बापूरावसाहेबांचा विजय असो' अशी आरोळी उठली. सर मात्र लगेच उठले नाहीत. मी काय पाहिलं असं विचाराल, तर दिग्दर्शकानं माझ्या हातात उजेडासाठी भला मोठा थर्माकोल दिला होता आणि तो नेमका माझ्या तोंडासमोर होता.

त्यानंतर तीन आठवडे सरांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. सुहानाची अम्मी, आमच्या हमीदाचाची, रोज गरम विटेनं शेकायच्या. भाड्याच्या गाद्यांत दम नव्हता, असं सर म्हणायचे.

संक्रांत झाली. आईला मिळालेली व्हीसीडी घेऊन मी सरांकडे गेले. सगळे टीव्हीसमोर बसलो. साहेबांनी कॉलर धरली, वळले आणि नेमके तिथेच चित्राचे चौकोन चौकोन झाले. आवाजावरून कळलं असतं, पण मागे ढोलताशा घातलेला. चौकोन विरले तोवर सर आडवे झालेले होते.

सुहानानं चार वेळा मागे घेऊन बघितलं. मग विचारलं, "अब्बा, तुम्ही पडलात की साहेबांनी पाडलं?"

"माहीत नाही," सर म्हणाले.

"माहीत नाही काय? माझं पडणं तुम्हाला पाठ करूनसुद्धा कळतं!"

"साहेब वळले, एवढं आठवतं. मग झुंबर दिसलं."

"मुद्दाम पडलो म्हणा, नाहीतर पाडलं म्हणा. काहीतरी एक सांगा. ज्यांना स्वतःचं पडणं कळत नाही त्यांच्याकडून मी काय शिकायचं?"

दुसऱ्या दिवसापासून सुहाना वर्गाला यायची बंद झाली. वर्गात तिच्यासारखं अंग कोणाचंच नव्हतं. महिन्याभरात राज्याच्या संघाची निवड होती, तीही तिनं सोडली. मला तिचा राग आला. सरांचाही आला, कारण नुसतं 'पाडलं' म्हटलं असतं तर काय बिघडत होतं? पण त्यांना ते जमेना. दर शनिवारी मला विचारायचे, "तू होतीस ना तिथे? एवढा मोठा माणूस समोर, सगळे बघताहेत. माझे पाय आपसूक सुटले असतील का गं?" मी थर्माकोलची आठवण करून द्यायचे. हळूहळू वर्गात मुलींचं पडणं तपासायचंही त्यांनी सोडलं. माझाच भरवसा नाही, तुमचं काय सांगू, म्हणायचे.

निवडणुकीत साहेब पडले. हे पडणं मात्र सगळ्यांना दिसलं.

त्यानंतरच्या एका शनिवारी हॉलच्या दारात रिक्षा थांबली आणि साहेब एकटेच उतरले. मुली गेल्या होत्या. मी मॅट झाडत होते. सुहाना सरांचा विसरलेला चष्मा द्यायला आली होती, ती दारातच उभी राहिली.

"युसूफभाई," साहेब म्हणाले, "एक विचारायचं राहिलंय. माझ्यासमोर सगळेच पडायचे हो. तुम्हीही तसेच पडलात का?"

"साहेब, खरं सांगतो, मला माहीत नाही."

साहेब हसले. "म्हणजे आपण दोघंही तिथेच. मग परत बघू या?"

त्यांनी बूट काढले. मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. मॅटवर येऊन त्यांनी कॉलर धरली आणि वळले. सर हलले नाहीत. पुन्हा वळले. धाप लागली, कपाळावर घाम आला, पण कॉलर सोडेनात. तिसऱ्यांदा वळले तेव्हा सरांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पडले.

साहेबांचे डोळे भरून आले. "खरं होतं तर," म्हणाले. सरांचा हात दोन्ही हातांत घेतला, बुटाच्या नाड्या तशाच ठेवून रिक्षात बसले आणि गेले.

सर मॅटवरच बसून राहिले. सुहाना चपला काढून आत आली.

"हात आधी आपटला," ती म्हणाली.

"हो. आज मी पडलो. आपणहून."

"आणि त्या दिवशी?"

सरांनी उजवा खांदा चाचपला. "त्या दिवशी हाताला वेळच मिळाला नाही. पाठ आधी गेली. म्हणून तर खांदा..." ते एकदम उठले आणि अनवाणीच फाटकाकडे धावले. रिक्षा केव्हाच गेली होती. परत आले ते डोकं धरून. "त्यांनी खरंच पाडलं होतं गं मला! आणि मी त्यांना आज खोटं देऊन पाठवलं."

"मग उद्या त्यांच्याकडे जाऊन सांगा."

"उद्याच जातो."

सुहानानं चष्मा माझ्या हातात दिला आणि मॅटवर सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"आधी वीस बैठका," ती म्हणाली. "आपणहून पडलात, सर."

सरांनी काढल्या.